शालूबाईच्या तीन ओळी

भागवतनं शंभर टोमॅटो मोजून पोत्यावर दहा-दहाच्या रांगांत मांडले, त्यांतले नऊ वेचून काढले आणि डिंपलच्या बापाच्या, मोतीरामच्या ओंजळीत टाकले. डिंपल शेजारीच उभी होती. रोपं लावल्यापासून भागवतचे सगळे फोन तिनंच घेतले होते. पण वाईट बातमी द्यायची वेळ आली तेव्हा कंपनीच्या सुपरवायझरला घरातला गडीमाणूस लागला.

"काका, टोपी पाहा," भागवत म्हणाला. "पाचही पानं शाबूत. सेल्फ फळ आहे हे. शंभरात दोन निघाले तरी मले वर उत्तर द्यावं लागते. इथं नऊ निघाले."

मोतीरामनं फळं उलटून-पालटून पाहिली. बाजारात न्यायचा माल असता तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण हे टोमॅटो खायचे नव्हते, बियाण्याचे होते. मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या दुपारी चिमट्यानं उघडायची, आतला पिवळा नर भाग काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडांचा पराग तिला लावायचा आणि खूण म्हणून देठाजवळच्या टोपीची दोन हिरवी पानं खुडायची. याला सगळे क्रॉसिंग म्हणत. हे काम चुकलं तर फूल कुणासाठी थांबत नाही, आपलं आपण फळ धरून मोकळं होतं. तसं फळ दिसायला बाकीच्यांसारखंच, पण त्याचं बी मिसळलं की सगळा लॉट बाद.

"शुक्रवारी परत येतो. तवाही असंच दिसलं तर प्लॉट रद्द, माह्या हातात काही नाही," भागवत म्हणाला. गाडीला किक मारून तो पुन्हा मोतीरामकडंच वळला. "घरात जरा लक्ष द्या, काका."

गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली. शेडनेटच्या दोन दारांमध्ये चपला काढायला आणि हात धुवायला एक खोलीवजा जागा होती. तिथं सहा माणसं दाटीनं उभी होती आणि प्रत्येक जण दुसऱ्या कुणाकडं तरी पाहत होता.

सुरुवात रामरावकाकांनी केली. सातबारा अजून दोघा भावांचा एकच होता आणि मोतीरामनं मोठ्या भावाचा शब्द आजवर खाली पडू दिला नव्हता.

"आखाजीले माह्यासमोर ठरलं होतं. एक हंगाम पोरीच्या हाती. जमलं तं जमलं. नाई तं शेड सागरकडे, अन् डोणगावच्या स्थळाले हो म्हणून कळवायचं. ठरलं होतं का नाई, मोतीराम?"

"ठरलं होतं," मोतीराम म्हणाला. फळं कुठं ठेवावीत हे त्याला कळत नव्हतं.

"हंगाम संपला का, काका?" डिंपल म्हणाली. "अजून दोन हप्ते क्रॉसिंग बाकी हाय."

"नऊ फळं निघाली, अन् तू हप्ते मोजून राह्यली!"

सागर फवारणीच्या रिकाम्या ड्रमवर बसून नखं पाहत होता. तीन वर्षं त्यानं ट्रॅक्टर चालवला होता आणि या शेडवर त्याचा डोळा होता, हे त्यानं कधी लपवलं नव्हतं. डिंपलला मात्र आज त्याचं गप्प बसणं खुपत होतं. आठ दिवसांपूर्वी शेडात कामाला येणाऱ्या तानाबाईनं तिला सहज सांगितलं होतं: दुपारी बाया जेवायला बसल्या की सागरदादा आत दिसतात.

"दादा, तू दुपारचा शेडात जात होता का?"

"कोनं सांगितलं?"

"जात होता का नाई, तेवढं सांग."

"बापाच्या शेडात जायले तुही चिठ्ठी लागते?"

"कशाले गेल्ता?"

सागरनं मान वर केली ती मायकडं पाहायला. सत्यभामाबाई स्टोव्हवरच्या चहात डोकावून पाहत होती, जणू साखर विरघळली की नाही यावर सगळं अडलं होतं. माय लेकाला पाठीशी घालते आहे, डिंपलनं मनात नोंद केली.

"काय बे, बोलत काऊन नाईस?" काका सागरवर खेकसले.

"काई नाई बोलायचं मले."

"म्हणजे केलं तूच," डिंपल म्हणाली.

तेव्हा सुचिता पुढं आली. सागरची बायको एरवी सासऱ्यांसमोर आवाज चढवत नसे. "डिंपलताई, तुमच्या हातानं नाई झालं तं तसं म्हना. माह्या नवऱ्याच्या अंगावर काऊन ढकलता? मीबी तीन ओळी करून राह्यली तिथं. मलेही चोर म्हना मग."

"शुक्रवारी पाहू," काका उठले. "भागवत काय म्हणते त्याच्यावर."

चहा झाला होता. तो कुणी घेतला नाही, आणि सत्यभामाबाईनंही कुणाला घ्या म्हटलं नाही.

*

बीएस्सी ॲग्रीच्या चार वर्षांत डिंपल एक गोष्ट पक्की शिकली होती. माणसाला विचारलं की तो सांभाळून बोलतो. झाडाला ती सोय नसते.

टोमॅटोच्या झाडाला साधारण आठवड्याला एक घोस लागतो, खालून वर. क्रॉसिंग सुरू होऊन चार आठवडे झाले होते, म्हणजे चार घोस. पहिल्या घोसात खोट निघाली तर ती पहिल्या आठवड्यातली, तिसऱ्यात निघाली तर तिसऱ्यातली. शिडीच्या पायऱ्यांसारखं ते सगळं झाडावरच लिहिलेलं होतं. फक्त खाली बसून एकेक टोपी तपासायला हवी होती.

शेडमध्ये चोवीस ओळी. हात आठ: तानाबाई, पूनम, शालूबाई, सुचिता, छकुली, वस्तीवरच्या दोघी जावा आणि स्वतः डिंपल. प्रत्येकीला तीन ओळी. त्याच सोमवारी दुपारपासून डिंपल बादली आणि वही घेऊन पहिल्या ओळीपासून निघाली. सेल्फ फळ दिसलं की खुडायचं आणि ओळ, झाड, घोस लिहायचा. सागरनं मुद्दाम काही केलं असेल तर खोट दाराजवळ जास्त निघेल, किंवा कशीही विखुरलेली असेल, असा तिचा अंदाज होता. खरं सांगायचं तर तिला तसंच निघायला हवं होतं.

झाडं माणसाच्या डोक्यावर गेली होती. पलीकडच्या ओळीतून फक्त बांगड्या ऐकू येत.

"ताई, आमच्यावर डाऊट घेऊन राह्यल्या का?" शालूबाईचा आवाज आला.

"झाडावर घेऊन राह्यली."

"मंग झाडालेच घरी पाठवा, आमाले नका पाठवू!"

तीन-चार ओळींतून हसू उसळलं आणि एकदम थांबलं. सत्यभामाबाई दारात येऊन उभी राहिली होती. हजेरी तिच्याकडं होती. सकाळी नऊपर्यंत डिंपल विहिरीपलीकडच्या नर प्लॉटात पराग गोळा करत असे, तोवर बाया मायच्या नजरेसमोरून आत जात. वहीत रोज आठ नावं, आठही हजर. मायला पाहून बाया हसायच्या का थांबल्या, हे डिंपलला तेव्हा कळलं नाही. थांबल्या एवढं मात्र तिच्या ध्यानात राहिलं.

बुधवारी दुपारी चोविसावी ओळ संपली. डिंपल पाण्याच्या टाकीला टेकून वही उघडून बसली.

खोट विखुरलेली नव्हती. ती बायांच्या वाटणीप्रमाणं नीट आखल्यासारखी होती. शालूबाईच्या तीन ओळी: फक्त पहिला घोस. सुचिताच्या तीन: फक्त दुसरा. दोघी जावांच्या सहा ओळी: तिसरा. छकुलीच्या तीन: चौथा. बाकी घोस धुतल्यासारखे स्वच्छ. कुठली ओळ कुणाची हे सागरला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि माहीत असतं तरी दर आठवड्याला एकीच्याच ओळी बिघडवून त्याला काय मिळणार होतं?

मग बायांनी कामचुकारपणा केला म्हणावं, तर शालूबाईसारखा हात आसपासच्या चार गावांत नव्हता. ती आठवडाभर चुकते आणि पुढचे तीन आठवडे एक कळी सोडत नाही, हे कसं?

डिंपलनं उलट बाजूनं पाहिलं. कुणाच्या ओळीत एकही खोट नाही? तानाबाई, साठी उलटलेली. पूनम, पाचवा महिना लागलेली. आणि ती स्वतः.

तिनं वही मिटली.

हॉस्टेलवरून परत आल्यापासून तिनं घरात आपली तारीख खरी सांगणं सोडून दिलं होतं. त्या चार दिवसांत संशय आला की माय विचारायची, "आत गेल्ती का?" आणि ती म्हणायची, "नाई, नर प्लॉटात होती." सरळ खोटं. सगळ्याच बाया मायला असंच काहीबाही सांगून आत जात असतील, असं तिनं धरून चाललं होतं. मजुरीवर येणाऱ्या बाईला मालकिणीशी असं खोटं बोलणं परवडेल का, हा विचार तिच्या डोक्यातच आला नव्हता. हजेरीवहीतली आठ नावं वाचली. ओळीत जाऊन आठ डोकी कधी मोजली नाहीत.

तानाबाई मोटारपंपाच्या खोलीमागं पाय धूत होती. डिंपल तिच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी, पूनमच्या अन् तुह्या ओळी साफ निघाल्या."

"निघनच. आमी दोघी काय बाहेर बसतो?" म्हातारी सहज बोलून गेली आणि मग तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तुले खरंच ठावूक नव्हतं?"

"नाई."

"मले वाटलं, तुहाच हुकूम असंल. मायचं तोंड, लेकीचा हुकूम." तानाबाईनं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं, अजूनही पुरता विश्वास न बसल्यासारखं. "पयल्या साली काकडीचा प्लॉट बसला नाई का? पानं गोळा झाली, वेल पिवळे पडले. तवा कोनीतरी तुह्या मायच्या कानात भरवलं, बाई विटाळाची आत गेली म्हणून. तवापासून दाराशी उभी राह्यते. डोळ्यानंच इचारते, आमी डोळ्यानंच सांगतो. मंग चार दिवस इथं बसून सुतळ्या कापायच्या. हजेरी भरते बिचारी, कोनाचा रोज नाई बुडवत."

"काकडी पांढऱ्या माशीनं गेली, मावशी. नेट फाटलं होतं."

"ते तुले ठावूक. तिले नाई."

डिंपलनं वहीतल्या पहिल्या घोसाची तारीख पाहिली आणि बोटांवर अठ्ठावीस मोजले. तिचा हिशेब बरोबर असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी शालूबाईला पुन्हा दारातून परत पाठवलं जाईल. आणि तिची स्वतःची तारीखही तीच होती.

*

सागर ट्रॅक्टरच्या नांगराचा बोल्ट आवळत होता.

"दादा, तू फुलं खुडत होता."

पाना थांबला नाही. "कोन म्हने?"

"ओळी म्हणतात. बाया चार-चार दिवस बाहेर होत्या. अख्खा घोस सेल्फ निघायला पाह्यजे होता, निघाला अर्धाच. बाकीचा कोनीतरी खुडला."

सागरनं हात पुसले. "माय म्हने, उमललेलं फूल दिसलं का तोडून टाक, फळ धरायच्या आत. मले दिसलं तेवढं तोडलं. तुह्यावानी डोळे नाईत मले."

"मंग सोमवारी बोलला काऊन नाई? सगळ्यायसमोर चोर झाला तो?"

"हे काय बहिणीले सांगायची गोष्ट हाय? काकासमोर?"

त्याचे कान लाल झाले होते. डिंपलला क्षणभर त्याची कीव आली. मग तिला दुसरंही सुचलं.

"अन् गप्प राह्यल्यावर शेड तुले मिळत होतं."

"तेबी हाय," सागर म्हणाला आणि पुन्हा बोल्टकडं वळला.

ते उत्तर इतकं सरळ होतं की त्याच्यावर संशय घ्यावा की विश्वास ठेवावा, हे तिला रात्री जेवतानाही ठरवता आलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी थंडी होती. भागवत दहाला येणार म्हणून काका आठलाच आले आणि दारातल्या खुर्चीवर बसले. मोतीराम त्यांच्यामागं उभा राहिला. सागर ट्रॅक्टर आणायला म्हणून आला होता, पण गेला नव्हता. दोन दिवसांत डिंपलनं सगळी सेल्फ फळं खुडून काढली होती, त्यामुळं आजची मोजणी जमून गेली असती. प्रश्न पुढच्या दोन आठवड्यांचा होता. काल दुपारी चिमट्यानं उघडलेल्या कळ्या आज पराग मागत होत्या.

नर प्लॉटातून ती आज साडेआठलाच परतली. तानाबाई, पूनम, छकुली आत गेल्या होत्या. शालूबाई पंपाच्या खोलीपाशी सुतळीचं भेंडोळं घेऊन बसली होती.

हिशेब बरोबर होता. याचा आनंद होईल असं डिंपलला वाटलं होतं. झाला नाही.

"माय, शालूबाईले आत येऊ दे."

सत्यभामाबाई दाराच्या जाळीला हात लावून उभी होती. "तिले बरं नाई आज."

"काय झालं?"

मायनं खुर्चीकडं नजर टाकली. "डिंपी, मंग बोलू."

"मंग तिच्या तीन ओळी कोन करन? दहाच्या आत पराग नाई लागला तं कालची सगळी मेहनत वाया, अन् आज दुपारच्या कळ्या उद्या आपोआप फळ धरतीन. पुढच्या खेपेस भागवतले पुन्हा हेच दिसन."

"पूनम करन."

"पूनमच्या तिच्या तीन हायत. पोटुशी बाई सहा ओळी करन?"

"काय चाललं हे?" काका म्हणाले. "एक बाई आजारी हाय तं हाय."

"आजारी नाई ती, काका." डिंपल खुर्चीकडं वळली. चार वर्षांत कॉलेजात तिनं कितीतरी वेळा उभं राहून आपले आकडे वाचून दाखवले होते, पण त्या आकड्यांत ती स्वतः कधी नव्हती. "बाहेर बसली हाय. दर महिन्याले प्रत्येक बाई चार दिवस बाहेर बसते, अन् त्याच चार दिवसांची फळं भागवतनं बाबाच्या हातात दिली. दादानं काई नाई केलं. मी त्याले उगाच बोलली."

काकांनी खिशातला रुमाल काढला आणि कशासाठी काढला हे विसरल्यासारखे त्याच्याकडं पाहत राहिले.

"पोरी, गप," माय पुटपुटली. "गडीमाणसं हायत."

"माहा आज दुसरा दिवस हाय," डिंपल म्हणाली.

सागरनं तोंड फिरवलं.

"शालूबाईच्या ओळी एकोणीस, वीस, एकवीस. माह्या बावीस, तेवीस, चोवीस. लागून हायत. मागच्या महिन्यात तारीखही एकच होती. ती बाहेर बसली, तिचा पहिला घोस गेला. मी चारही दिवस आत होती, माहा एक टोमॅटो बिघडला नाई. काका, उठा, पाहून घ्या. माह्या ओळीत एक पान गोळा झालं असंल तं शेड आत्ता दादाले द्या."

काका उठले नाहीत. उठला मोतीराम. त्यानं चपला काढल्या, हात धुतले, बायकोच्या हाताखालून वाकून आत शिरला. पानांतून त्याची पांढरी टोपी शेवटच्या ओळींपर्यंत जाताना दिसली, थांबली, खाली बसली, पुन्हा उठली. बाहेर सगळे त्या टोपीकडं पाहत होते. तो परत आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना माती लागली होती.

"पानं चांगली हायत," तो म्हणाला. भावाकडं न पाहता म्हणाला.

"मोतीराम!"

"आता चांगली हायत तं काय म्हनू, दादा?"

सत्यभामाबाईचा हात जाळीवरून हलला नव्हता. सुचिता इतका वेळ हंड्याजवळ होती. तिनं तांब्या भरला, शालूबाईपाशी गेली आणि तिच्या हातावर पाणी ओतलं. "आत्याबाई, शालूबाईचे हात धुऊन झाले," ती म्हणाली. "माहा दुसरा घोस गेला तवा मी तिथंच बसून सुतळ्या कापल्या. कोनी आत बोलावलं असतं तं गेली असती."

शालूबाई मात्र हलेना. "ताई, उद्या काही झालं तं माह्या नावावर फुटन. मले गावात राह्यचं हाय."

"माह्या नावावर फुटन," डिंपल म्हणाली. "मी लिहून ठेवलं हाय, आज आपण दोघी आत गेलो म्हणून. तारखेसकट."

"लिहू नका वं माय!" शालूबाई दचकून उठली, आणि त्या दचकण्यातच दोन पावलं पुढं आली. सत्यभामाबाईनं हात खाली घेतला. तिनं वाट दिली असं म्हणता आलं नसतं. ती फक्त थकली होती. शालूबाई अंग चोरून तिच्या शेजारून आत गेली, आणि मागोमाग डिंपल.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हंगाम होऊ दे पोरीचा," काका म्हणत होते. "मी शब्द दिला, मी मोडत नाई. पन मोतीराम, माहा पाय आता इथं लागणार नाई. दिवाळीपासून टाळत होतो, आता सातबारा वेगळा करून घेऊ."

डिंपल बाविसाव्या ओळीत शिरली.

भागवत दहाला नाही, साडेअकराला आला. शंभरात एक निघाला. त्यानं पुन्हा दुसरीकडचे शंभर घेतले, त्यातही एकच. खूश होण्याऐवजी तो शेडभर साशंकपणे फिरला. "चार दिवसांत काय केलं तुम्ही?"

सुचिता म्हणाली, "हजेरी नीट घेतली."

*

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या दोघी जावा आल्या नाहीत. त्यांच्या सासूनं निरोप पाठवला होता, तुमच्या शेडातलं काय ते तुमचं तुम्ही पाहा. सहा ओळी उघड्या पडल्या. डिंपलनं जास्तीचा चिमटा घेतला आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या सागरपुढं धरला.

"हे बायायचं काम हाय," सागर म्हणाला.

"अन् शेड गड्याचं?"

तो खाली उतरला. त्याच्या जाड बोटांनी पहिल्या तासात अकरा कळ्या मोडल्या. शालूबाई पलीकडून मोजून सांगत होती आणि पूनमला हसून हसून कमरेला हात लावून उभं राहावं लागलं. बाराव्या कळीतून पिवळा भाग अखंड निघाला तेव्हा त्यानं तो तळहातावर घेऊन आधी बायकोला दाखवला.

दुपारी सगळे जेवायला बाहेर पडले तरी बाविसाव्या ओळीत कुणीतरी होतं. डिंपल परत आत गेली. माय होती. पदर खोचून, चष्मा नाकावर ओढून ती एकेक पान उलटून पाहत होती. पहिल्या झाडापासून.

"काई सापडलं?" डिंपलनं विचारलं.

"आज नाई दिसत. चार दिवसांनी दिसन." माय पुढच्या झाडाकडं सरकली. "पयल्या महिन्यापासून आत येऊन राह्यली होती तू?"

"हाव."

"मले सांगे, नर प्लॉटात होती."

"हाव."

"अन् उन्हाळ्यातलं लोणचं? कैऱ्या तूच चिरल्या."

"हाव."

"ते खराब नाई झालं," सत्यभामाबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती, फसवल्याची. ती दोन झाडं पुढं सरकली. मग पानावरची नजर न काढता तिनं विचारलं, "महालक्ष्म्यायच्या सैपाकाले?"

डिंपल झाडाच्या सुतळीची गाठ आवळू लागली.

"म्हणजे तवाबी."

बाहेर सागर कुणावर तरी ओरडत होता, बाया हसत होत्या. माय ओळीत मध्येच खाली बसली. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"तेरा वर्षाची होती मी, तवा पयल्यांदा बसवलं. पंचेचाळिसाव्याले थांबलं. दोन बाळंतपणं सोड. किती दिवस होतात गं ते? तुले येते असलं."

महिन्याचे चार, वर्षाचे अठ्ठेचाळीस. बत्तीस वर्षं. बाळंतपणं वजा करूनही दीड हजाराच्या घरात, म्हणजे चार वर्षं भरत होती. डिंपलला आकडा लगेच मिळाला होता. तिनं मायच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"मोजून सांगते," ती म्हणाली.

"नको सांगू," सत्यभामाबाई म्हणाली. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला, गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि पुढच्या झाडाचं पान उलटून पाहू लागली.